राजी आणि वेन्बा

व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमधून सुटून घरी आला, की एक बंगळुरूकर मराठी इंजिनीअर कंट्रोलर हातात घेतो. सध्या 'राजी'. 2020चा हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, म्हणून जरा जास्तच कौतुक. राजीच्या भावाला, गोलूला, असुरांनी पळवलंय. ती दुर्गेचा त्रिशूळ घेऊन त्याच्या मागावर. राजस्थानी वाडे, छायाबाहुल्या, सगळं देखणं. मारामारीत मात्र सफाई कमी, आणि शेवट चक्क अर्ध्यावर सोडलेला!

मग 2023चा 'वेन्बा'. कॅनडातलं तमिळ घर, वेन्बाकडे तिच्या आईची पाककृतींची फाटकी वही, पहिलाच पदार्थ इडली. पुसलेल्या ओळींवरून कृती आपणच जुळवायची. कोपऱ्याकोपऱ्यावर दर्शिनी उपाहारगृहं असलेल्या शहरात पडद्यावर इडल्या लावत बसायचं, म्हणजे कमालच. वेन्बाचा मुलगा कविन इंग्रजीकडे झुकतो, ते प्रसंग या इंजिनीअरला भिडले.

गेम तास-दीड तासातच आटोपतो, त्यामानाने किंमत त्याला चढीच वाटली.