दूध घालण्यापूर्वी

काही पदार्थ आधी वाचनात येतात आणि फार उशिरा ताटात. चावडर हा माझ्यापुरता तसा पदार्थ. एम.ए.च्या वर्षांत, अभ्यासक्रमाशी काही संबंध नसताना, 'मोबी डिक' हाती आली आणि तिचे पंधरावे प्रकरण लागले. त्या प्रकरणाचे शीर्षकच 'चावडर' आहे. व्हेलच्या शिकारीला निघालेले दोघे नॅन्टकेट बेटावरच्या एका खाणावळीत उतरतात. मालकीण त्यांना शिंपले की कॉड एवढेच विचारते आणि मग न्याहारीला, दुपारी, रात्री चावडरच चावडर. मेल्विल तिथे एक गंमत करतो. या घरच्या दुधालाही मासळीचा वास येतो, कारण घरची गाय वाळूवर माशांचे उरलेसुरले खात हिंडते आणि तिचा प्रत्येक खूर कॉडच्या तुटक्या डोक्यात अडकलेला असतो. इंग्रजी वाचकाला येथे हसू येत असावे. माझ्या अंगावर काटा आला.

याचे कारण आमच्या घरात शोधावे लागेल. माझे आजोळ मालवणचे, सासर-माहेर दोन्ही रत्नागिरीत. मासळीशिवायचा दिवस तो उपवासाचा, अशी परंपरा. पण मासळीच्या जेवणावर दूध नाही, हा नियम देवघरातल्या सोवळ्याइतका कडक. रात्री बांगडा झाला असेल तर झोपताना मुलांना दूध मिळत नसे. नारळाचे दूध चाले, किंबहुना त्यावाचून चालत नसे. गाईम्हशीचे दूध वर्ज्य. का, असे विचारले की उत्तर एकच असे: कोड उठते. या समजुतीला आजच्या त्वचाविज्ञानात आधार नाही. कोड हा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच रंगपेशींवर उलटण्याचा प्रकार मानला जातो, मासे-दुधाशी त्याचा संबंध नाही. बंगाल्यांच्या घरी तर रोहू मजेत दह्यात शिजतो. पण आजीपुढे बंगाल्यांचा दाखला देण्याची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती.

पुढे चरकसंहिता वाचताना हा नियम मुळात भेटला. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात विरुद्ध आहाराची चर्चा आहे आणि तिची सुरुवातच मासे आणि दूध या जोडीने होते. दोन्ही मधुर, पण एक उष्ण वीर्याचे, दुसरे शीत, म्हणून एकत्र नकोत, असे आत्रेय सांगतात. एवढेच असते तर मी पान उलटले असते. पण तिथे लगेच भद्रकाप्य नावाचा एक जाणता उठतो आणि म्हणतो की चिलिचिम नावाचा एक मासा सोडला तर बाकी सगळे मासे दुधाबरोबर खायला हरकत नाही. हा चिलिचिम लाल डोळ्यांचा, अंगभर लाल रेघा असलेला, रोहूसारखा. आत्रेय अर्थातच त्याचे म्हणणे खोडून काढतात. तरीही संहिताकाराने तो विरोध गाळलेला नाही. आणि अध्यायाच्या शेवटाकडे स्वतः ग्रंथच एक दार किलकिले ठेवतो: ज्याला जे सात्म्य झाले आहे, जो थोडेच खातो, ज्याचा अग्नी प्रदीप्त आहे, जो तरुण आहे, कष्ट करतो, त्याला विरुद्ध अन्नही बाधत नाही. आमच्या आजीपर्यंत नियम पोचला. भद्रकाप्यही वाटेत गळाला आणि ही सवलतही. परंपरेचे बहुधा असेच होते, निकाल तेवढा खाली झिरपतो आणि वाद वरच राहतो.

हे सारे सांगायचे कारण, या नियमापायी आमच्या घरात एक गोष्ट घडली आहे.

माझा दादा सिअ‍ॅटलला असतो. वहिनी तिथलीच. तिचे आजोळ ऑरेगनमधल्या अ‍ॅस्टोरियाचे, म्हणजे कोलंबिया नदी जिथे पॅसिफिकला मिळते तिथले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या गावात फिनलंडमधून आलेल्या कोळ्यांची दाट वस्ती झाली. नदीत सॅमन अमाप होता आणि काठाने तो डब्यात भरण्याचे कारखाने होते. जाळी फिन लोकांची आणि कारखान्यात मासा कापायला चिनी मजूर, अशी विभागणी बराच काळ होती. या फिन घरांतून सॅमनचे एक सार होई. मासा, बटाटा, कांद्याच्या पातीच्या थोराड भावासारखा दिसणारा लीक, अख्खे ऑलस्पाइस, वर दूध किंवा साय. फिन भाषेत त्याचे नाव लोहिकेइट्टो. 'लोही' म्हणजे सॅमन आणि 'केइट्टो' म्हणजे सार, इतके सरळ. अमेरिकेत ते तिथल्या चावडरच्या शेजारी येऊन बसले आणि दोन पिढ्यांत त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. वहिनीची आई त्याला चावडरच म्हणे.

2009 मध्ये पुतण्याचा जन्म झाला तेव्हा बाळंतपणाला आमची आई गेली होती. बरोबर डिंक, खारीक, अळीव आणि बाळंतशेपा. सहाव्या दिवशी वहिनीची आई साडेतीन तास गाडी चालवत अ‍ॅस्टोरियाहून आली. येताना तिने निळ्या इनॅमलच्या पातेल्यात चावडर आणले होते. त्यांच्याकडे बाळंतिणीला ते देतात. आईने झाकण उघडून पाहिले आणि दादाला आत बोलावले. ओली बाळंतीण, अंगावर पिणारे मूल, आणि मासळी दुधात! दादाने पातेले फ्रीजमध्ये ठेवले. 'नंतर गरम करून देऊ,' असे तो सासूबाईंना म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्या परत जायला निघाल्या तेव्हा पातेले धुऊन त्यांच्या हातात दिले गेले. ते खाऊन रिकामे झाले की ओतून, हे ओळखण्याइतके त्यांना नक्कीच समजत होते. आई तिथे होती ते पुढचे पाच महिने त्या पुन्हा आल्या नाहीत. 2019 मध्ये त्या वारल्या. या प्रसंगाबद्दल वहिनीच्या तोंडून मी कधी अक्षर ऐकलेले नाही. मला ते दादाने सांगितले, तेही फोनवर, तेही बऱ्याच वर्षांनी.

2021 मध्ये बाबा गेले आणि आईचे अन्नावरचे मन उडाले. पुढच्या मे महिन्याच्या सुटीत मी तिला घेऊन सिअ‍ॅटलला गेले. मेच्या मध्याला अलास्कातल्या कॉपर नदीचा पहिला सॅमन विमानाने तिथे येतो आणि गावात त्याचा सण होतो. आपल्याकडे पहिल्या हापूसच्या पेटीचे जसे कौतुक, तसेच. आणि भावही तितकेच बेताल. वहिनीच्या पणजोबांच्या कोलंबियात मात्र आता पूर्वीचा मासा नाही. 1930 च्या दशकापासून त्या नदीवर एकामागून एक धरणे झाली. 1942 मध्ये पुरे झालेल्या ग्रँड कूली धरणाला मासे वर चढण्यासाठी जिनाच ठेवला नव्हता. जाता जाता एक. परदेशस्थ मराठी माणसावर लिहिताना, सॅमन समुद्र ओलांडून जन्माच्या ओढ्यात परततो, ही उपमा फार वापरली जाते. पॅसिफिकचा सॅमन तिथे परततो, अंडी घालतो आणि मरतो. उपमा वापरणाऱ्यांनी ती शेवटपर्यंत वापरावी.

त्या शनिवारी वहिनीने चावडर करायला घेतले, कुणालाही न विचारता. तिथे स्वयंपाकघर आणि बैठक यांत भिंत नसते, त्यामुळे आई टेबलाशी बसून सगळे पाहत होती. पाऊण किलोचा सॅमनचा तुकडा. वहिनीने त्यावरून उलटे बोट फिरवून बारीक काटे चिमट्याने उपटले, कातडी सोलून वेगळी केली आणि ती एका मणक्याबरोबर वीस मिनिटे उकळून पाणी गाळून घेतले. तिची आई सुरुवातीला बेकन तळून घेई; त्या दिवशी वहिनीने नुसते लोणी घेतले. त्यात लीक आणि सेलरी मंद आचेवर, रंग न बदलता मऊ केली. मग बटाट्याच्या फोडी, तमालपत्र, सहा-सात ऑलस्पाइस आणि ते गाळलेले पाणी. मैदा नाही. हॉटेलांतून मिळणारे चावडर, ज्यात चमचा उभा राहतो, ते मला खळीसारखे लागते. वहिनी शिजलेल्या बटाट्यांपैकी चार फोडी पातेल्याच्या कडेला दाबून मोडते. दाटपणा तेवढ्यानेच येतो आणि तो पुरेसा असतो.

मग तिने हिरवी जुडी धुऊन टेबलावर ठेवली. आईने एक काडी उचलून चुरगळली.

'हा तर शेपू.'

'हो आई, शेपू,' वहिनी म्हणाली. हा शब्द तिला ठाऊक होता.

'माशात?'

वहिनीने मान हलवली. आईने जुडी पुढ्यात ओढली आणि ती निवडू लागली. देठ एकीकडे, पाला एकीकडे. बाबा गेल्यापासून तिने भाजीची जुडी निवडताना मी पाहिले नव्हते. शेपू ही आमच्याकडे निम्म्या घराने नाक मुरडायची भाजी, आणि बाळंतशेपा म्हणजे तिचेच बी. 2009 मध्ये आई जे पुडीत बांधून घेऊन गेली होती, त्याचाच पाला त्या निळ्या पातेल्यातल्या चावडरवर भुरभुरलेला असणार. हे तिच्या मनात आले का, मला सांगता येत नाही. माझ्या मात्र आले.

मासा सर्वांत शेवटी जातो. मोठ्या मोठ्या फोडी पातेल्यात सोडायच्या, आच बंद करायची आणि झाकण ठेवायचे. चार-पाच मिनिटांत तो स्वतःच्या पाकळ्यांनी सुटू लागतो. उकळला तर आतला पांढरा द्रव बाहेर येऊन गोठतो आणि मासा चोथा होतो. आच बंद झालेली पाहून आई मराठीतून माझ्याकडे म्हणाली, 'बरोबर. रावसालाही असेच करावे.' एरवी तिने इतरांच्या हातच्या मासळीला बरोबर म्हटल्याचे मला आठवत नाही.

यानंतर दूध. तेही अलीकडे वेगळे तापवून, उकळी न आणता, कारण पातळ दूध जास्त आचेवर फाटते. साय जितकी अधिक तितका हा धोका कमी. वहिनीने दुधाचे भांडे उचलले, पुन्हा खाली ठेवले. डावाने एक वाडगा भरून काढला, मासा, बटाटा आणि नुसते ते सोनेरी पाणी, त्यावर शेपू भुरभुरला आणि आईपुढे ठेवला. मगच दूध आणि साय पातेल्यात गेली. कुणी काही बोलले नाही. दादा फ्रीजपाशी उभा होता. त्याला तिथे काही काम नव्हते.

आईने वाडगा संपवला. 'मीठ बेताचे आहे,' ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, 'बटाटा मुरलाय छान.'

या वाडग्याला मी तडजोड म्हणत असे. नंतर म्हणेनासे झाले. चावडर या शब्दाचे मूळ बरेच जण फ्रेंच 'शोदिएर' म्हणजे मोठे भांडे, हंडा यात शोधतात. त्याची छापलेली जुन्यात जुनी कृती म्हणून जिचा उल्लेख होतो ती 1751 मधली, बोस्टनच्या एका वर्तमानपत्रातली, आणि चक्क पद्यात आहे. तिच्यात कांदा आहे, खारवलेले डुक्कर आहे, मासा आहे, जहाजावरची कडक बिस्किटे आहेत. दूध नाही. 1851 मधल्या मेल्विलच्या खाणावळीतल्या वाडग्यातही शिंपले, कुटलेली बिस्किटे, डुक्कर आणि लोणी. गाय दारात उभी असूनही दूध नाही. बटाटा आणि दूध चावडरमध्ये स्थिरावले ते एकोणिसाव्या शतकाच्या ओघात. ऱ्होड आयलंडमध्ये दुधावाचूनचे निवळ चावडर आजही करतात. टोमॅटो घालणाऱ्यांविरुद्ध मात्र मेन राज्यात 1939 मध्ये एका आमदाराने कायदा आणू पाहिला होता. सोवळे सगळीकडेच असते. तेव्हा आईपुढे आला तो वाडगा अपुरा नव्हता. चावडरचे ते जुने रूप होते. वहिनीला हा इतिहास ठाऊक होता असे नाही. तिने फक्त दुधाचे भांडे खाली ठेवले.

आता रत्नागिरीत मी ते रावसाचे करते. इंग्रजीत रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण सॅमनच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. मांस पांढरे, चरबी कमी. त्यामुळे लोणी थोडे सढळ हाताने लागते आणि आच बंद केल्यावर तीन मिनिटेही पुरतात. सॅमनचा नारिंगी रंग त्याने खाल्लेल्या कोळंबीसारख्या जिवांतून येतो. रावसाच्या वाडग्यात तो नसतो आणि सारे पांढऱ्यावर पांढरे दिसते, म्हणून गाजराच्या चार चकत्या घालते. लीक इथे मिळत नाही, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग चालतो. ऑलस्पाइसऐवजी दोन लवंगा आणि चार मिरी. शेपू बाजारात बारमाही असतो आणि विकणारी बाई हल्ली न विचारता जुडी पुढे करते. माझ्या वाडग्यात दूध असते, आईचा वाडगा आधी निघतो.

गेल्या जून-जुलैत मासेमारी बंद होती तेव्हा दादाने कुणाबरोबर तरी डब्यातला सॅमन पाठवला. मी त्याचे चावडर केले. आईने वास घेतला, एक घास खाल्ला आणि वाडगा बाजूला सारला.

'यापेक्षा आपली सुकट बरी,' ती म्हणाली. 'पण तिला सांगू नको हं.'