आधी बादली भरून बघ

कोल्हापूर,
घटस्थापना

चि. सौ. वैशालीस,


तू पाठवलेला प्रेशर वॉशरचा व्हिडिओ दोनदा पाहिला. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणत अर्धं ऐकतेस आणि संध्याकाळी जावईबापू नवीन मशीन घेऊन येतात. म्हणून लिहून पाठवतोय. कागद मशीनशेजारी ठेव आणि वाचत वाचत काम कर.

दुकानदार म्हणाला, पंपच गेलाय, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल, त्यापेक्षा नवीन घ्या. मशीन न उघडता त्याला हे कसं कळलं देव जाणे. माझी सगळी नोकरी उद्यमनगरात पंप आणि मोटारी उघडण्यात गेली, तरी मला ही विद्या आली नाही.

तुझ्या मशीनमध्ये मोटर आणि पंप, एवढंच महत्त्वाचं. मोटरच्या शाफ्टवर एक तिरकी चकती फिरते. ती तीन छोटे पिस्टन पाळीपाळीने दाबते, स्प्रिंग त्यांना मागे आणते. प्रत्येक पिस्टनला पाणी आत घेणारा एक आणि बाहेर सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो. हे पाणी बंदुकीच्या बारीक नोझलमधून शंभर-सव्वाशे बारच्या दाबाने सुटतं. आत येणारं पाणीच कमी पडलं तर पंप हवा ओढतो आणि फवारा उचक्या देतो. तुझा फवारा नेमका तसाच उडतोय. पंप मेला असता तर धार मधूनमधून जोरात आलीच नसती.

तुमची टाकी गच्चीवर. पाण्याच्या दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो, म्हणजे अंगणातल्या नळाला अर्धा बारही नसणार. त्यात अर्ध्या इंचाचा पाइप आणि लांबच लांब नळी. मशीनच्या पट्टीवर ताशी ३६० लिटर लिहिलंय, म्हणजे मिनिटाला सहा लिटर. नळी मशीनपासून सोडव आणि तिचं टोक दहा लिटरच्या बादलीत धर. बादली मिनिटभरात भरली तर पाणी पुरेसं आहे. दीड मिनिट लागलं तरी अगदी काठावरचं समज. दोन मिनिटं लागली तर दुकानदाराला नाही, प्लंबरला फोन कर.

मग नळी जोडायच्या जागी आत एक जाळी असते, ती पकडीने ओढून काढ. सोलापूरकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, तिथे जाळीवर आणि नोझलमध्ये पांढरे थर बसतात आणि ते लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून काढावे लागतात. तुमची विहीर जांभ्यातली, पाणी मऊ. तुमच्याकडे त्रास लाल गाळाचा. जाळी ब्रशने धू, नोझलच्या भोकात बारीक तार घाल. मशीन परत जोडल्यावर लगेच बटण दाबू नकोस. बंदुकीच्या पुढची काठी काढ, नळ सोड, बंदुकीचा खटका दाबून ठेव आणि फुगे संपून सलग धार लागेपर्यंत थांब. आतली हवा निघाल्यावरच मशीन चालू कर.

एवढं करूनही धार हलत असेल तर ती कशी हलते ते बघ. वेडीवाकडी हलत असेल तर कुठून तरी हवा शिरतेय. ठरावीक तालात थरथरत असेल तर सहा व्हॉल्व्हपैकी एखाद्यात वाळूचा कण अडकलाय आणि तीनपैकी एक पिस्टन फुकट फिरतोय. तो कण काढला की काम झालं. असले पंप 'गेले' म्हणून भंगारात निघालेले मी कितीतरी पाहिलेत.

खटका सोडल्यावरही मशीन अधूनमधून आपोआप सुरू होतं, हे तू भीतभीत लिहिलंस. त्यात भुताटकी नाही. खटका सोडला की पंपापासून बंदुकीपर्यंत दाब अडकून राहतो आणि तो दाब स्विच बंद ठेवतो. कुठे थेंब थेंब गळलं की दाब उतरतो आणि मोटर पुन्हा उठते. बंदूक, नळीचे जोड आणि पंपाच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह, या तीन जागा बघ. बहुतेक वेळा एखादी ओ-रिंग चिरलेली असते. हार्डवेअरच्या दुकानात जुनी रिंग दाखवून त्याच मापाची घे आणि बसवताना सिलिकॉन ग्रीस लाव. घरात आहे म्हणून खोबरेल लावू नकोस.

मशीनखाली पाणी साचतं तो मात्र पंपाचा दोष. पिस्टनभोवतीचे सील झिजलेत. सीलचा संच मिळतो आणि नवीन मशीनच्या मानाने तो फार स्वस्त. काही पंपांत तेल असतं. ते दुधाळ झालं असेल तर पाणी आत शिरलंय आणि तेलही बदलायला हवं. हे काम घरी करू नकोस, शेतीपंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे ने. आणि पंप उघडल्यावर त्याचं डोकं नीट बघायला सांग. ते तडकलं असेल किंवा पिस्टनच्या जागी खोल चरे पडले असतील तर पुढे खर्च करू नका.

मोटरचं म्हणशील तर व्हिडिओतल्या किंचाळण्यावरून ती कार्बन ब्रशची आहे. ब्रश झिजतात, ठिणग्या उडतात, जळका वास येतो. ब्रश किरकोळ किमतीत मिळतात. पण आर्मेचर जळलं तर ते भरून आणण्याचा खर्च या वर्गातल्या मशीनला परवडत नाही. इंडक्शन मोटर जड असते, महाग असते, पण आवाज कमी, ब्रशची कटकट नाही, आणि जळली तर विहिरीवरची मोटर भरणारा माणूस तीही भरून देतो. नवीन घ्यायची वेळ आलीच तर तीच घ्या. सील, व्हॉल्व्ह, बंदूक सुटी मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा. दुकानदार गप्प बसला तर दुसरं दुकान बघा. केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलंय, पण ते गावातल्या काउंटरवर पोचायला वेळ आहे. बिल मात्र जपून ठेव. वॉरंटी शिल्लक असेल तर एक स्क्रूही फिरवू नका, आणि कंपनीवाले टाळाटाळ करत असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार कर.

हे यंत्र घराघरांत येऊन तसा फार काळ झालेला नाही. जर्मनीतल्या कार्चर कंपनीने १९५० साली गरम पाण्याचं मोठं धंदेवाईक मशीन काढलं आणि हाताने उचलून नेण्यासारखं घरगुती मशीन १९८४ साली. तोवर सगळं जग खराट्यावर चाललं होतं आणि तुझ्या पायऱ्यांना अजूनही खराटाच बरा. जांभ्याचा चिरा मऊ असतो. गोल फिरणारं नोझल जवळ धरलंस तर शेवाळाबरोबर दगडही निघतो, खड्डे पडतात आणि पुढच्या पावसात त्याच खड्ड्यांत शेवाळ जास्त धरतं. पायऱ्यांना ब्लीचिंग पावडर आणि खराटा. मशीन गडग्याला नको, सिमेंटच्या अंगणाला आणि गाडीला वापर. तेही पसरट फवारा, हातभर लांबून.

आणखी एक, आणि हे मुलांनाही वाचून दाखव. ही धार कातडीतून आत घुसते. वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आतून बोट जातं. असं झालं तर घरी हळद लावत न बसता सरळ शल्यचिकित्सकाकडे जायचं. मशीनला हात लावण्याआधी प्लग काढायचा, नळ बंद करायचा आणि खटका दाबून उरलेला दाब सोडायचा. अर्थिंगचा तीन पिनी प्लग हवाच, एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या अंगणात नको.

माझ्या मते तुझं मशीन दुरुस्त होण्यासारखं आहे. बादली किती वेळात भरली ते कळव आणि कारागिराने पंप उघडला की पंपाच्या डोक्याचा फोटो पाठव. तोवर जावईबापूंना दुकानात जाऊ देऊ नकोस.

तुझा,
दादामामा