पावसातली मऊ अंडी

ठाकुरवाडीत कोंबड्या घरोघरी असतात. आमच्या गावठी होत्याच, मागच्या वर्षी त्यांत गिरिराज जातीच्या आणल्या. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, गिरिराज त्याच्या दुपटीहून जास्त. खाणं दोघींना एकच: कणी, कोंडा आणि परसात मिळेल ते.

आषाढात झड लागली. कोंबड्या खुराड्याबाहेर पडेनात. गिरिराजची अंडी उचलतानाच तडकायला लागली. मग एका सकाळी कवच नसलेलं, नुसत्या पापुद्र्यातलं अंडं हाताला लागलं. बोट लावलं की खळगा पडायचा. गावठ्यांची अंडी मात्र ठणठणीत. एक गिरिराज पाय ओढायला लागली, पुढे बसूनच राहिली. मला वाटलं, मानमोडी आली.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, पानाचा चुना पाण्यात कालवून पाज. धीर झाला नाही. चुन्याने माणसाचं तोंड पोळतं, कोंबडीचं काय होईल?

जनावरांच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, रोग नाही, कॅल्शियम कमी पडतंय. एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. कणी-कोंड्यात ते नावालाच. मग कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. त्यात ऊन नाही, म्हणजे अंगात डी-3 जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही.

बाजारातून शिंपल्यांचा चुरा आणला. तो कोंड्यात कालवायचा नाही, करवंटीत वेगळा ठेवायचा, तोही संध्याकाळी. कवच रात्रभर बनत असतं, तेव्हा शिंपला पोटात हवा. जिला गरज ती बरोबर टिपते. पिल्लांना मात्र देऊ नये, त्यांची मूत्रपिंडं बिघडतात; ती मी डालग्याखाली ठेवते. घरातली अंड्यांची टरफलंही वाळवून, बारीक कुटून घालते. मोठे तुकडे टाकले तर कोंबड्यांना स्वतःचीच अंडी फोडून खायची चटक लागते.

डी-3चे थेंब डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस दिले. औषधवाला आणखी बाटल्या गळ्यात मारत होता. घेतल्या नाहीत, जास्त झालं तर तेही मूत्रपिंडांवरच येतं. उघडीप मिळाली की खुराडं उघडायचं, घटकाभर का होईना.

अंडी हळूहळू घट्ट झाली. पाय ओढणारी मात्र उठलीच नाही. बाकीच्या तिला टोचायला लागल्या, तेव्हा कापली. रस्सा सगळ्यांनी खाल्ला, मी त्या दिवशी भात-डाळीवरच भागवलं.

यंदा ज्येष्ठातच शिंपला भरून ठेवलाय. मावशींनी त्यातला डबाभर नेला.