सुरत, दोन सीटची गाडी आणि बिलांची फाइल

सुरतेत गाडी घेऊन कुणाकडे गेलं, की पाण्याचा ग्लास हातात येण्याआधी प्रश्न येतो, "एवरेज केटली आपे?" माझं उत्तर असायचं, "आठ." मग समोरचा माणूस काही सेकंद गप्प बसायचा आणि माझ्या बायकोकडे सहानुभूतीने बघायचा.

मी मूळचा नंदुरबारचा. उधना-जळगाव लोहमार्गावरच्या आम्हा खान्देशींसाठी सुरत म्हणजे कामधंद्याचं गाव. उधना, लिंबायत, डिंडोली भागात फिरलात तर मराठी आणि अहिराणी सहज कानावर पडते. आधीच्या पिढ्या इथे कापडाच्या मिलमध्ये, मार्केटमध्ये आल्या. मी लॅपटॉप घेऊन आलो आणि वेसूमध्ये भाड्याने राहू लागलो. हिऱ्यांच्या या शहरात संध्याकाळी व्हीआयपी रोडवर अशा गाड्या दिसतात, की लहानपणी भिंतीवर लावलेली पोस्टर्स आठवावीत. त्यातलीच एक, २००८ सालची, जर्मन बनावटीची, दोन सीटची, छत उघडणारी गाडी २०२२ मध्ये मला साडेआठ लाखांत मिळाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही गोष्ट कंपनीची नाही, गाडीच्या वयाची आहे.

गाडी बघायला गेलो तेव्हा बॉनेट गरम होतं. "आत्ताच धुऊन आणली," विकणारा म्हणाला. मी छत उघडून बंद करून बघितलं, खूश झालो आणि पैसे दिले. मिस्त्रीला दाखवायचं मात्र दुसऱ्या दिवशी सुचलं.

मिस्त्रीभाऊ अमळनेरकडचे, गॅरेज उधन्याच्या एका गल्लीत. त्यांनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला, मग पायाखालचं कार्पेट उचलून वास घेतला, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवलं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीतून शहरात शिरलं आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला, तेव्हापासूनची ही त्यांची सवय. गाडी कितीही पॉलिश केली तरी सीटबेल्टच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. माझा पट्टा स्वच्छ निघाला. मी सुटकेचा श्वास टाकला.

"आज गाडी इथंच ठेवा. उद्या सकाळी थंड इंजिन सुरू करू," ते म्हणाले.

सकाळी किल्ली फिरवली आणि तीन सेकंद खडखड आवाज आला. मग सगळं शांत. ती खडखड टायमिंग चेनची होती. चेन सैल झाली की रात्रभर उभ्या गाडीत तेलाचा दाब येईपर्यंत ती वाजते. इंजिन गरम असलं की आवाज लपतो. दुर्लक्ष केलं आणि चेन दातावरून घसरली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच जातं. आदल्या दिवशीच्या गरम बॉनेटचा अर्थ तेव्हा कळला.

भाऊंनी हात पुसले आणि म्हणाले, "भाऊ, गाडी लेनं सोपं शे, पोसनं कठीन शे."

पहिल्या वर्षाचा हिशोब असा: चेन, तिची चक्रं आणि मजुरी मिळून १,३५,००० रुपये. टायर ६२,०००. त्यांची नक्षी चांगली होती, पण कडेला कोरलेल्या चार आकड्यांवरून कळलं, की ते नऊ वर्षांपूर्वीचे आहेत. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर वयाने कडक होतं, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. शिवाय माझ्या गाडीचे मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद, त्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करण्याचीही सोय नाही. छताच्या हायड्रॉलिक सिलिंडरचं सील ४०,०००, विमा २८,०००, बॅटरी १४,०००. एकूण २,७९,०००. पेट्रोल वेगळं, महिन्याला साधारण पाच हजार, तेही फक्त चारशे किलोमीटरसाठी.

हे आकडे एक्सेलमध्ये मांडले तेव्हा साधी गोष्ट लक्षात आली. वर्षं जातात तशी गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. मी साडेआठ लाखांची गाडी घेतली असं मला वाटत होतं. बिलं मात्र ती नवी असतानाच्या किमतीच्या हिशोबाने येत होती. म्हणून आता कुणी विचारलं तर सांगतो, किमतीचा एक तृतीयांश भाग पहिल्या वर्षासाठी बाजूला काढता येत नसेल, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही.

दुसऱ्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं झाली. पालच्या आरटीओत तपासणी आणि फेरनोंदणी. एप्रिल २०२२ पासून याची केंद्रीय फी बरीच वाढली आहे, आणि नोंदणी पुढे पाचच वर्षांची मिळते. पावसाळ्यात आणखी एक धडा मिळाला. इथे नदीबरोबर खाडीपूरही येतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला आणि इंजिनात पाणी गेलं, तर साधा विमा ते नुकसान सहसा भरून देत नाही. त्यासाठीचं जादा संरक्षण इतक्या जुन्या गाडीला मिळणंही अवघड. दोन पावसाळे मी गाडी मित्राच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये ठेवून रिक्षाने ऑफिसला गेलो.

मग ती ठेवली कशासाठी? डुमससाठी. थंडीतल्या रविवारी पहाटे छत उघडून आम्ही दोघं डुमसला जायचो. काळी वाळू, टोमॅटोची गरम भजी, परत येताना पोंक. खारं वारं गाडीला लागू नये म्हणून घरी आल्यावर मी ती खालून धुवायचो आणि बायको बादल्या आणून द्यायची. ते दोन हिवाळे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

मागच्या वर्षी मुलगी झाली. दवाखान्यातून तिला घरी आणायला मित्राची गाडी मागावी लागली. आमच्या गाडीत तिसरी सीट नव्हतीच. बायको काही बोलली नाही. रात्री मीच म्हणालो, "विकू या."

गिऱ्हाईक आलं, वराछाचा पंचविशीतला मुलगा. त्याच्या डोळ्यांत माझंच २०२२ साल दिसत होतं. छताचा दुसरा सिलिंडर तेल झिरपू लागला होता. न सांगता सहज खपून गेलं असतं. मी बिलांची फाइल त्याच्या हातात दिली, झिरपणारी जागा दाखवली आणि म्हणालो, "बॉनेटवर हात ठेवून बघ. काल रात्रीपासून सुरू केलेली नाही."

त्याने त्यासाठी चाळीस हजार कमी केले. मीही ओढून धरलं नाही. किल्ली घेताना त्याने शेवटी विचारलंच, "एवरेज केटली आपे?"

आतून मुलीला घेऊन आलेली बायको हसली. "आठ," ती म्हणाली.