जंगलात कार्ड चालतं का?

नागपूरहून चंद्रपूरला निघालेल्या गाडीत साधारणपणे एकच विषय असतो: वाघ दिसेल का? आमच्या गाडीत मात्र गप्पा रंगल्या त्या क्रेडिट कार्डांवर. एकाच्या कार्डावर एअरपोर्ट लाउंज फुकट, दुसऱ्याच्या कार्डावर पेट्रोलची सूट, तिसऱ्याचं शॉपिंगवाल्या पॉइंट्सचं. मला नवं कार्ड घ्यायचंच होतं. म्हटलं, चला, पाच दिवसांचा सगळा खर्च डायरीत टिपू या. कोणतं कार्ड आपलं, हे डायरीच सांगेल!

पहिला मुक्काम मोहर्ली, म्हणजे ताडोबाचं गेट. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल १९९५ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. सफारीचं बुकिंग ऑनलाइन, रिसॉर्टचंही ऑनलाइन. म्हणजे ट्रिपमधला सगळ्यात मोठा खर्च घरबसल्याच कार्डावर झालेला. पण कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. पहाटे साडेपाचला जिप्सीत बसलात की तुमचं यूपीआय रूमवर आणि गाइडची बक्षिसी खिशातल्या नोटांमधून.

रस्त्यात पेट्रोल भरलं, तेव्हा पेट्रोल कार्डवाला भाव खाऊन गेला. मी हिशेब मांडला. अशा बऱ्याच कार्डांवर १ टक्का सरचार्ज माफ होतो, तोही ठरावीक रकमेच्या बिलावर. पाच हजारांच्या पेट्रोलमागे वाचले ५० रुपये. कार्डाची वार्षिक फी हजार रुपये असेल, तर ती नुसत्या या माफीतून वसूल करायला वर्षाला एक लाखाचं पेट्रोल जाळावं लागेल. रोज लोकलने ऑफिसला जाणाऱ्याने हे कार्ड घ्यावं कशाला?

मूलमार्गे गडचिरोलीत शिरलात की पाकिटाचा नूरच बदलतो. या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे पबमध्ये डिस्काउंट देणारं कार्ड इथे फक्त जागा अडवतं. गावातल्या चहाच्या टपरीवर क्यूआर कोड मात्र होता. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. दुकानदाराच्या क्यूआरवर ते चालतं, मित्राच्या खात्यात पैसे पाठवायला नाही. आलापल्लीच्या पुढे सागाची झाडी दाट झाली आणि मोबाइलची रेंज गुल! नाश्त्याचे पैसे द्यायला फोन काढला, तर मालक हसून म्हणाले, "नेटवर्क नाही जी, सुट्टे असन तं द्या." आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा इथवर धड रस्ताही नव्हता. आज रस्ता आहे, पण रोख जवळ हवीच.

ही रोख मात्र घरूनच आणा किंवा डेबिट कार्डाने काढा. क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढलेत, की व्याज पहिल्या दिवसापासून सुरू, वर काढण्याची फी वेगळी.

परतीच्या वाटेवर धानोरा रस्त्यावरचं मेंढा-लेखा पाहिलं. २००९ साली या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. इथे निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने होतात. पैसा कुठून येणार, कुठे जाणार, यावर गाव बसून बोलतं. आणि आपण? मॉलमध्ये फुकट बॅगेसाठी दोन मिनिटांत फॉर्मवर सही!

इथेच आमचा लाउंजवाला मित्र हळूच बोलला. गेल्या महिन्याचे वीस हजार त्याच्या कार्डावर थकले होते. 'मिनिमम ड्यू' भरला की झालं, असं त्याला वाटायचं. महिना साडेतीन टक्के धरा. वीस हजारांवर ७०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६. झाले ८२६ रुपये, दर महिन्याला! शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे सफारीचं बुकिंग केल्या दिवसापासून त्याचं व्याज चालू. कॉफी फुकट, पण किती महाग! त्याने तिथेच ठरवलं: आधी थकबाकी फेडायची, तोवर कार्ड कपाटात.

माझ्या डायरीचा निकाल काय? मोठा खर्च ऑनलाइन बुकिंगचा, बारीकसारीक क्यूआरवर, उरलेला रोख. विमान वर्षातून एकदा, पेट्रोल जेमतेम. मग मला हवं फी नसलेलं, ऑनलाइन खर्चावर कॅशबॅक देणारं रुपे कार्ड. तुमची डायरी वेगळं सांगेल. महिन्यातून दोनदा विमानाने फिरत असाल तर लाउंजवालं जरूर घ्या, पण ती सोय मिळवायला तिमाहीत किती खर्च करावा लागतो, ते आधी वाचा. आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरणं जमत नसेल, तर कोणतंच कार्ड तुमच्या सवयीचं नाही.

तर मंडळी, पुढच्या लाँग वीकएंडला ताडोबा-गडचिरोली कराच. मंगळवारी ताडोबा बंद असतं, तेवढं पाहून निघा. सोबत दुर्बीण, पाण्याची बाटली, शंभर-पन्नासच्या नोटा आणि एक डायरी. वाघ दिसेल न दिसेल, आपला पैसा कुठल्या वाटेने जातो, ते नक्की दिसेल!