जिनकांची यादीत नव्हती



कांचीपुरमला जाऊन आल्याचं कळल्यापासून बऱ्याच जणींनी विचारलं, गाडी-गाईड करून जावं का, की आपलं आपण फिरावं? सगळं सविस्तर लिहिते, कारण आमच्या त्या एका दिवसात देवळांपेक्षा घरातलेच प्रश्न जास्त निघाले.

आम्ही तिघी होतो. सासूबाई, वय चौऱ्याहत्तर. मी. आणि माझी लेक, जी चेन्नईला नोकरी करते आणि जिचं लग्न येत्या मार्गशीर्षात आहे. चेन्नईहून कांची साधारण पंचाहत्तर किलोमीटर. लेकीने एका टूरवाल्यांकडून दिवसभराची गाडी आणि गाईड ठरवला, फक्त आमच्यासाठी. त्यांनी पाठवलेल्या यादीत कैलासनाथ, एकांबरेश्वर, कामाक्षी, वरदराज पेरुमाळ आणि शेवटी "सिल्क शॉपिंग" होतं. त्रैलोक्यनाथ नव्हतं.

आता सासूबाईंचा नियम तुमच्यापैकी अनेकींच्या घरी असेल तोच. जिनदर्शन झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा नाही. पहाटे पाचला चेन्नई सोडायची, त्या वेळी कुठलं मंदिर उघडं मिळणार? आदल्या रात्री मी गाईडला फोन केला. म्हटलं, कांचीला महावीरांचं मंदिर आहे, तिरुपरुत्तिकुंड्रमला, ते सगळ्यात आधी. तो म्हणाला, "मॅडम, ते कोणी मागत नाही. बंद असेल. वेळ जाईल." मी म्हटलं, आमच्या आजी तिथे गेल्याशिवाय बीपीची गोळीही घेणार नाहीत. त्यावर तो गप्प झाला आणि "ओके मॅडम" म्हणाला. खासगी गाडी करण्याचा खरा फायदा हा. मोठ्या बसमध्ये सासूबाईंच्या गोळीसाठी कोण वाट वाकडी करणार?

सातच्या सुमाराला पोचलो. शहराच्या दक्षिण-पश्चिमेला वेगवती नदीच्या काठी हे गाव आहे, आणि जुन्या काळापासून त्या भागाला जिनकांची म्हणतात. शिवकांची, विष्णुकांची आणि जिनकांची. पहिल्या दोन सगळ्यांना ठाऊक असतात. दाराला कुलूप होतं. सासूबाई पायरीवर बसून णमोकार म्हणायला लागल्या. लेक माझ्याकडे बघत होती, मी घड्याळाकडे. गाईड काही न बोलता गल्लीत शिरला, दोन-तीन घरी विचारून आला, आणि अर्ध्या तासाने किल्लीसकट एक माणूस घेऊनच परतला. तोवर मला तो पोपटपंची करणारा वाटत होता. त्या अर्ध्या तासाने माझं मत बदललं.

आत गेल्यावर मूलनायक वर्धमान. सासूबाईंनी तीन प्रदक्षिणा घातल्या आणि मग संगीत मंडपात येऊन मान वर केली ती बराच वेळ खाली आलीच नाही. सगळ्या छतावर चित्रं आहेत. ऋषभदेवांचं चरित्र, महावीरांचं, नेमिनाथांचं, त्यात कृष्णाच्या बाळलीलाही, पट्टीपट्टीने काढलेली, खाली तमिळमध्ये लिहिलेली. काही ठिकाणी रंग उडालेत, पण तांबडा अजून टिकून आहे. हा मंडप १३८७-८८ मध्ये इरुगप्पाने बांधला. इरुगप्पा विजयनगरच्या दरबारातला जैन सेनापती आणि मंत्री. हंपीला गेलेल्यांनी गाणिगित्ती मंदिर पाहिलं असेल, कुंथुनाथांचं, १३८५ चं. तेही त्याचंच.

चित्रांत एक गोष्ट धर्मादेवीची आहे, म्हणजे आपली अंबिका, कूष्मांडिनी. तिचं इथे मंदिरही आहे. गोष्ट माहीत असेलच. घरात श्राद्ध, स्वयंपाक तयार, ब्राह्मण जेवायचे आहेत, आणि दारात मुनिराज आले. सुनेने त्यांना आहार दिला. नवरा भडकला आणि दोन्ही मुलांसकट तिला घराबाहेर काढलं. ती गिरनारकडे निघाली, मुलं भुकेली झाली तर वाटेतल्या आंब्याला अवेळी फळं धरली. म्हणून तिच्या मूर्तीच्या हातात आंब्याची डहाळी असते. सासूबाई चित्राखाली उभ्या राहून नातीला हे सांगत होत्या, आणि म्हणाल्या, "अन्न कुणाला आधी वाढायचं यावरनं घरं फुटतात बघ." ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. ती स्वयंपाकघरातली गोष्ट आहे हे मला त्या दिवशी जाणवलं.

बाहेर झाडाच्या सावलीत बसून सासूबाईंनी उकळलेलं पाणी घेतलं, गोळी घेतली, आणि आम्ही दशम्या, चटणी आणि सांगलीचं भडंग खाल्लं. गाईडलाही दिलं. त्याने दशमी दोनदा मागून घेतली. तो सासूबाईंना "पाटी" म्हणायचा, तमिळमध्ये आजी. सासूबाईंना आधी वाटलं हा कसली पाटी मागतोय!

किल्लीवाल्या माणसाशी लेक मोडक्या तमिळमध्ये बोलली. त्यातून मला जी गोष्ट सगळ्यात आवडली ती अशी, की तमिळ जैन, ज्यांना नैनार म्हणतात, ते बरेचसे शेतकरी. वंदवासी, जिंजी या बाजूच्या खेड्यांत त्यांची घरं आणि शेतं आहेत. मुंबईत कुणाला मी "आमची शेती आहे" म्हटलं की "जैन आणि शेती?" असा चेहरा होतो ना, तसाच त्यांनाही अनुभव येत असणार. शिरोळ-हातकणंगल्याच्या आपल्या लोकांसारखेच हे दिगंबर, रानात राबणारे. त्यांचा जिनकांची मठ आता मेलसित्तामूरला आहे आणि तिथल्या भट्टारकांच्या गादीचं नाव लक्ष्मीसेन, जे आपल्या कोल्हापूरच्या मठाचंही. सासूबाईंनी हे ऐकून त्या माणसाचे हातच धरले. भाषा एका शब्दाची कळत नव्हती.

मग यादीतली देवळं सुरू झाली. इथे एक विषय स्पष्ट लिहिते, कारण तो आपल्यात निघतोच. दुसऱ्यांच्या देवळात जावं का? मिथ्यात्वाचा दोष लागतो का? माझं मत असं, की पाहणं वेगळं आणि पूजणं वेगळं. सासूबाईंचं सम्यक्त्व कैलासनाथाचे खांब पाहून डळमळण्याइतकं कच्चं नाही. त्या आत गेल्या, सगळं पाहिलं, अंगारा पुढे आला तेव्हा हात जोडून हसून नको म्हणाल्या. कुणाला वाईट वाटलं नाही. तुमच्या मनाला पटत नसेल तर बाहेर बसा, तेही बरोबरच आहे, पण जी आत गेली तिला परत आल्यावर बोल लावू नका.

कैलासनाथ मंदिर मला सर्वांत आवडलं. आठव्या शतकाच्या सुरुवातीचं, पल्लव राजा राजसिंहाने बांधलेलं, वाळूच्या दगडाचं. अंगणाच्या चारी बाजूंनी अठ्ठावन्न छोटी देवळं एकाला एक लागून आहेत. गर्दी नाही, घाई नाही. तिथेच तो प्रसंग घडला.

गाईड रंगात येऊन पल्लवांचा इतिहास सांगत होता. महेंद्रवर्मा राजा आधी जैन होता. अप्पर नावाचे संत, तेही आधी जैन मुनी होते, पुढे बहिणीमुळे शैव झाले. मग जैनांनी राजाचे कान भरून त्यांना चुन्याच्या भट्टीत कोंडलं, विष घातलं, दगडाला बांधून समुद्रात टाकलं, आणि शिवाच्या नावाने ते तरले... लेक आजीसाठी मराठीत सांगत होती ती मध्येच थांबली. गाईडच्याही लक्षात आलं की आपण कुणासमोर बोलतोय. त्याचा चेहरा पडला. "सॉरी मॅडम, ओल्ड स्टोरी," म्हणाला.

"काय म्हणतोय तो?" सासूबाईंनी विचारलं. लेक म्हणाली, काही नाही आजी. मी मात्र सगळं सांगितलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईपासून काय लपवायचं? तिथली पुराणं तिथल्या देवळात सांगितली जाणारच. आणि त्या गोष्टीत दुष्ट आपण आहोत, हे ऐकायला जड जातं खरं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

सासूबाईंनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "आपल्या अकलंक-निकलंकांच्या गोष्टीत बौद्ध काय करतात?" निकलंकांना मारतात. "आणि अकलंकांचा तो वाद कुठं झाला म्हणायचे?" परंपरा सांगते, याच कांचीत, हिमशीतल राजाच्या दरबारात, आणि कूष्मांडिनीने त्यांना साहाय्य केलं. "मग," त्या म्हणाल्या, "त्याला ती गोष्ट सांगा. त्यानं आपली सांगितली, आपण आपली सांगू." लेकीने सांगितली. गाईडने मन लावून ऐकली, नावं विचारून मोबाईलमध्ये लिहून घेतली. ह्युएन त्सांग सातव्या शतकात कांचीला आला तेव्हा त्याने इथे पुष्कळ निर्ग्रंथ असल्याचं लिहिलंय, हे त्याला आधीच ठाऊक होतं. तो म्हणाला, "गेस्ट लोकांना मी ते सांगत नाही, कोणी विचारत नाही." आता सांगेल असं वाटतं.

एकांबरेश्वराचं गोपुर कृष्णदेवरायाने १५०९ मध्ये बांधलेलं, मान मोडेल इतकं उंच. इथलं लिंग मातीचं मानतात, म्हणून त्यावर पाण्याचा अभिषेक होत नाही. आवारात जुनं आंब्याचं झाड आहे, त्याच्याखाली पार्वतीने तप केलं म्हणतात. सकाळी अंबिकेचा आंबा पाहिलेल्या सासूबाई त्या झाडाखाली जरा रेंगाळल्या. कामाक्षीला रांग फार होती, बाहेरूनच पाहिलं.

बारा-साडेबाराला मोठी देवळं बंद होतात ती चारपर्यंत. या मधल्या वेळातच सगळे गाईड साड्यांच्या दुकानात नेतात, हे लक्षात ठेवा. आमचाही नेऊ लागला. आणि खरं सांगायचं तर लेकीला जायचंच होतं. तिच्या होणाऱ्या सासरकडून कांजीवरम येणार असं ठरलंय, रंग आपण सांगायचा. सासूबाईंनी रेशीम सोडून पंचवीस वर्षं झाली. महाराजांकडे नियम घेतला तेव्हा स्वतःचा लग्नातला शालूही त्यांनी कपाटातून काढून देऊन टाकला होता. नातीच्या अंगावर रेशीम बघतील की मांडवातून उठून जातील, हा प्रश्न आमच्या घरात गेले दोन महिने कुणी मोठ्याने विचारला नव्हता.

त्या गाडीत बसून राहतील असं मला वाटलं. त्या आत आल्या. आधी मागे विणकराचा खड्ड्यातला माग पाहिला. काठ आणि अंग वेगवेगळं विणून जोडतात, दोन माणसं लागतात, ते कोर्वै. रेशीम कर्नाटकातून येतं, जर सुरतेहून. विणकराच्या बोटांचं त्यांनी मनापासून कौतुक केलं. मग गादीवर बसून नातीला म्हणाल्या, विचार याला, किडा आतमध्ये असतानाच उकळतात ना? सेल्समन बिचारा "प्युअर आहे पाटी, प्युअर" म्हणत राहिला. पण गाईडने सरळ सांगितलं. हो. किडा बाहेर आला तर कोष फुटतो, शेकडो मीटरचा सलग धागा तुटतो, म्हणून आधीच वाफेत किंवा गरम पाण्यात मारतात. एका साडीला हजारो कोष.

लेकीने हातातली मोरपंखी साडी खाली ठेवली नाही. तिने विचारलं, "आजी, मी नेसले तर तू येणार नाहीस का लग्नाला?"

सासूबाई म्हणाल्या, "मी येणार. नियम माझा आहे, तुझा नाही. पण मला विचारलंस तर मी हेच सांगणार, म्हणून तुझ्यासमोर विचारून घेतलं."

खूप वेळ कोणी बोललं नाही. मग दुकानदारानेच खालच्या फळीतून कांची कॉटन काढली. सुती, पण काठ तसेच रुंद, तसाच जोड. लेकीने हळदीसाठी एक पिवळी घेतली, तांबड्या काठाची. मोरपंखी तिथेच राहिली. लग्नाच्या साडीचं अजून ठरलेलं नाही. तिने होणाऱ्या सासूबाईंना फोन करून कोष न मारता काढलेल्या अहिंसा रेशमाचं विचारलंय. त्याचा धागा सलग नसतो, कातावा लागतो, म्हणून ती चमक येत नाही. त्यांचं उत्तर यायचंय. मी मध्ये पडलेली नाही.

चारनंतर वरदराज पेरुमाळ. शंभर खांबांचा मंडप आणि एकाच दगडातून कोरलेली साखळी बघाच. इथल्या तळ्यात अत्ती वरदरांची उंबराच्या लाकडाची मूर्ती ठेवलेली असते, चाळीस वर्षांतून एकदा बाहेर काढतात. मागे २०१९ मध्ये काढली, आता २०५९. सासूबाईंनी हिशेब करून नातीला सांगितलं, तू ये तेव्हा, नातवंडं घेऊन.

सूर्यास्ताआधी जेवण व्हायला हवं म्हणून साडेपाचला निघालो आणि उरलेल्या दशम्या गाडीतच संपवल्या. कांचीपुरम इडली प्रसिद्ध आहे, पण पीठ आंबवलेलं असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी डबा न्यावाच.

जाणार असाल तर टूरवाल्याला आधीच तिरुपरुत्तिकुंड्रम हे नाव लिहून पाठवा, नुसतं "जैन टेम्पल" म्हणू नका. चंद्रप्रभांचं मंदिर शेजारीच आहे, तेही उघडून घ्या. एक जास्तीचा दिवस असेल तर वंदवासीजवळ पोन्नूर टेकडीवर कुंदकुंदाचार्यांच्या पादुका आहेत, आमच्या राहिल्या. मंडपातली चित्रं बघायला छोटी दुर्बीण किंवा निदान चष्मा तरी न्या. आणि दाराला कुलूप दिसलं तर परत फिरू नका, किल्ली गल्लीतच असते.