विशेषणाविना नाम

पर्युषणाच्या दिवसांत इंग्रजी माध्यमातील मूल आजीविषयी चार वाक्ये लिहू लागले की एका शब्दापाशी हमखास अडते. मराठीत आजी ‘उपवासी’ असते, ‘व्रती’ असते. इंग्रजीत उपवासाला ‘फास्ट’ म्हणतात. पण तोच शब्द विशेषण म्हणून आजीला लावला तर आजी वेगवान ठरते. व्रताला ‘व्हाउ’ हे नाम आहे. त्याच्या जोडीचे म्हणता येईल असे ‘व्होटिव्ह’ हे विशेषण लॅटिनमधून आलेले आहे. परंतु ते नवस फेडण्यासाठी वाहिलेल्या दिव्याला लागते, व्रत पाळणाऱ्या माणसाला लागत नाही.

हे असे का, याचे कारण इंग्लंडच्या इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी तो देश जिंकला. दरबाराची भाषा फ्रेंच झाली, धर्म व विद्या लॅटिनच्या ताब्यात राहिली, आणि सामान्य माणसाच्या घरातील नामे मात्र जुनीच चालू राहिली. पुढे विद्वानांनी विशेषणे लॅटिनमधून घेतली. म्हणून ‘मून’चे विशेषण ‘लूनर’ आणि ‘माउथ’चे ‘ओरल’. नाम एका कुळातले, विशेषण दत्तक. जेथे दत्तकही मिळाले नाही तेथे एक नाम दुसऱ्याच्या शेजारी बसवून काम भागते: लोन अकाउंट, चेक बुक. मराठीतही कर्जखाते आणि व्याजदर असेच होतात, त्यामुळे यात इंग्रजीला हसण्यासारखे काही नाही.

पैशाच्या शब्दांत तर मौजच आहे. बँकेच्या ‘इंटरेस्ट’ला स्वतःचे विशेषण नाही. ‘इंटरेस्टिंग’ दिसते त्याचेच, पण त्याचा व्याजाशी काही संबंध नाही, हे कोणत्याही कर्जदाराला समजावून सांगावे लागत नाही. मराठीतही ‘निर्व्याज’ प्रेमाचा बिनव्याजी कर्जाशी संबंध नाही. तेथे संस्कृतातील ‘व्याज’ म्हणजे कपट. सावकारीच्या टीकाकारांनी या योगायोगाचा लाभ घेतला असल्यास नवल नाही.

पण व्यापारी माणसाला खरी उणीव भासावी ती ‘इंटिग्रिटी’ या शब्दाची. ‘इंटिग्रस’ असे रूप मोठ्या शब्दकोशांत सापडते, व्यवहारात ते कोणी वापरीत नाही. ‘इंटिग्रल’चा अर्थ निराळा. ‘ऑनेस्ट’ बरेचसे बोलण्यापुरते. ‘ट्रस्टवर्दी’ म्हणजे ज्याच्यावर इतरांनी विश्वास ठेवावा असा, त्यात नजर इतरांची. म्हणून ‘मॅन ऑफ इंटिग्रिटी’ असे लांबून सांगावे लागते. या नामाच्या मुळाशी ‘इंटिजर’ हा लॅटिन शब्द आहे, म्हणजे अखंड, अभंग. गणितातील पूर्णांकाचे नाव तेच. तराजूपुढे एक आणि मंदिरात दुसरा असे ज्याचे तुकडे पडले नाहीत, तो मनुष्य. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमीजास्त मापे ठेवणे आणि भेसळीचा व्यवहार यांची गणना केलेली आहे. व्रत दुकानातील मापापर्यंत नेणारी ही दृष्टी त्या लॅटिन शब्दाच्या फार जवळची वाटते. मराठीची वाट मात्र उलटी. येथे ‘प्रामाणिक’ हे विशेषण आधी, आणि त्याला प्रत्यय लावून प्रामाणिकपणा हे नाम. त्यातील ‘प्रमाण’ शब्दात पुन्हा मोजण्याचाच धातू आहे.

पेढीची चावी ज्याच्या हाती द्यायची त्याची शिफारस आता बहुधा इंग्रजीत येते. तिच्यात ‘हार्डवर्किंग’, ‘डायनॅमिक’, ‘स्मार्ट’ अशा विशेषणांची रेलचेल असते. ज्या गुणाला विशेषण नाही तो गुण लिहिणाऱ्याला सहज सुचत नाही, आणि वाचणाऱ्यालाही त्याची अनुपस्थिती चटकन जाणवत नाही. अनुभवी शेठजी अशा पत्रानंतर एक फोन करतात, तो याचसाठी.

सरकारी नोकरीतील गोपनीय अहवालाने ही अडचण ओळखून ‘इंटिग्रिटी’साठी वेगळा रकानाच ठेवला. कामाच्या रकान्यांत ‘गुड’, ‘व्हेरी गुड’ असे चढते शेरे चालतात. या रकान्यात रूढ शेरा एकच, ‘बियाँड डाउट’, संशयातीत. पूर्णांकाला पाऊण म्हणता येत नाही. आणि मनात संशय असेल, तर वरिष्ठाने तेथे काहीच न लिहिता वेगळी गुप्त टिपणी करावी, अशी केंद्र सरकारची सूचना आहे. फाइल चाळणाऱ्यांना त्या कोऱ्या रकान्याचा अर्थ लगेच कळतो.